फॅमिली ग्रुप: "बँकांचे पैसे परत आले" म्हणे

दादा: काल ग्रुपवर आलेला 2008 च्या अमेरिकेतल्या आर्थिक संकटावरचा फॉरवर्ड वाचला. काका, तुम्ही तेव्हा तिथेच होता. बुडत्या बँकांना वाचवायला दिलेले पैसे सरकारला नफ्यासकट परत मिळाले, हे तर खरं आहे ना? मग नेते चुकले कुठे?

काका: बँकांचे पैसे परत आले, मान्य. आमचं घर नाही आलं रे परत. 15 सप्टेंबरला लेहमन ब्रदर्स ही मोठी गुंतवणूक बँक बुडाली आणि आठवड्याभरात अर्थमंत्री पॉल्सन तीन पानांचा प्रस्ताव घेऊन आले. 700 अब्ज डॉलर द्या, आणि आमच्या निर्णयाविरुद्ध कोर्टातही जायचं नाही! ती अट पुढे काढावी लागली, पण मागायची हिंमत बघ.

ताई: आणि ते मतदान! 29 तारखेला संसदेच्या प्रतिनिधिगृहाने विधेयक 228 विरुद्ध 205 ने फेटाळलं, शेअर बाजाराचा डाऊ निर्देशांक 777 अंकांनी आपटला. 3 ऑक्टोबरला तेच मंजूर. मधल्या चार दिवसांत त्यात भलत्याच करसवलती घुसवल्या. लहान मुलांच्या लाकडी बाणांवरचा करसुद्धा माफ! लोकांची घरं जात होती आणि हे बाणांचा सौदा करत होते. संताप येतो.

काका: आम्ही आशेवर होतो, कारण या पैशातून अडकलेली गृहकर्जं विकत घेणार असं सांगितलं होतं. 12 नोव्हेंबरला पॉल्सननी जाहीर केलं, ते आता करणार नाही. नऊ मोठ्या बँकांना मात्र 125 अब्जांचं भांडवल आधीच ठरलं होतं.

दादा: पण बँका बुडू दिल्या असत्या तर लोकांचे पगारही अडकले असते.

काका: वाचवू नका असं कुठे म्हणतोय? देताना अटी घालायच्या होत्या. कर्जवाटप वाढवायची सक्तीसुद्धा केली नाही.

काकू: पुढचं मी सांगते. फेब्रुवारी 2009 मध्ये ओबामांनी गृहकर्जाचे हप्ते कमी करून द्यायची योजना जाहीर केली, 30 ते 40 लाख घरमालकांना आधार देऊ म्हणाले. मी टीव्हीसमोर रडले होते. यांची नोकरी गेली होती, नवी लागली ती निम्म्या पगाराची. आधी तीन महिने चाचणीचे हप्ते भरायचे. एकही चुकवला नाही. मग बँक म्हणाली, पगाराच्या स्लिपा मिळाल्या नाहीत. परत फॅक्स केल्या. आता जुन्या झाल्या, ताज्या पाठवा. फॅक्स गेल्याची चिठ्ठी मी दर वेळी वहीत डकवायचे. चौदा झाल्या. ज्या आठवड्यात "अर्ज तपासणीत आहे" असं पत्र आलं, त्याच आठवड्यात जप्तीची नोटीस.

ताई: काकू, हे कधी बोलला नाहीत तुम्ही.

काकू: काय बोलणार गं? झेपत नव्हतं तर कर्ज काढलंत कशाला, हेच ऐकायला मिळायचं.

दादा: योजना राबवायची कोणी?

काका: हप्ते वसूल करणाऱ्या कंपन्यांनीच! मीठ सांडणाऱ्याच्याच हाती बरणी. योजना 30 लाखांच्या जवळपासही पोचली नाही. आणि मार्च 2009 मध्ये सरकारी पैशावर तगलेल्या एआयजी या विमा कंपनीने साडेसोळा कोटी डॉलर बोनस वाटले. बुश गेले, ओबामा आले, दोन्ही पक्ष बघून झाले. आमच्या फाइलला वाली कोणी नव्हता.

दादा: चुकलो काका. फॉरवर्डवर विश्वास ठेवून बोललो. काकू, ती वही आहे अजून?

काकू: आहे की. चिठ्ठ्या पुसट झाल्यात, पण तारखा मी शेजारी पेनाने लिहून ठेवायचे. रविवारी काढते.