ओव्हन तळाकडून तापत नाही आणि आरसीसीबी पडतो: थर्मोस्टॅट बदलावा का?

प्रश्न:
आमच्या विजेवरच्या ओव्हनमध्ये भाजलेले पदार्थ हल्ली वरून करपतात आणि तळाला कच्चे राहतात. १८० अंशांपर्यंत तापायलाही पूर्वीपेक्षा बराच वेळ लागतो. शिवाय अधूनमधून घरातील आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) पडतो. एमसीबी (जादा प्रवाह झाला की पुरवठा तोडणारा स्विच) मात्र पडत नाही. दुरुस्तीला आलेल्या गृहस्थांनी ओव्हन न उघडताच थर्मोस्टॅट (तापमान नियंत्रित करणारा भाग) बदलण्यास सांगितले. मला मल्टिमीटर वापरता येतो. सुटा भाग मागवण्यापूर्वी काय तपासावे?

प्रतिसाद १:
थर्मोस्टॅट तूर्त मागवू नका. तो बिघडला, तर संपूर्ण ओव्हन कमी किंवा जास्त तापतो; वरची कॉइल (तापणारी नळी) चालू आणि खालची बंद, असा भेद तो सहसा करत नाही. आपण सांगितलेली लक्षणे खालच्या कॉइलकडे बोट दाखवतात. एमसीबी जादा प्रवाहामुळे पडतो, तर आरसीसीबी प्रवाह अर्थकडे गळू लागल्यावर, आणि हा फरक येथे महत्त्वाचा आहे. कॉइलच्या धातूच्या नळीत नायक्रोमची तार असते व तिच्याभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची भुकटी घट्ट भरलेली असते. नळीला चीर गेली की तार तुटणे आणि प्रवाह गळणे हे दोन्ही एकाच ठिकाणी घडू शकते.

प्लग काढा, तो नसेल तर मुख्य स्विच बंद करा आणि ओव्हन पूर्ण थंड होऊ द्या. नळीवर फुगवटा, चीर किंवा जळका डाग आहे का, ते पाहा. बऱ्याच ओव्हनमध्ये खालची कॉइल आतूनच स्क्रू काढून पुढे ओढता येते, मात्र वायर मागच्या भोकातून आत निसटणार नाही याची काळजी घ्या, नाहीतर मागचा पत्रा उघडावा लागतो. जोडणीचा फोटो काढून वायर सोडवा आणि दोन टोकांमधला रोध मोजा. २३० व्होल्टवर १२०० वॅटच्या कॉइलचा रोध सुमारे ४४ ओहम येतो. मीटर अनंत दाखवत असेल, तर तार तुटलेली आहे.

प्रतिसाद २:
वरील निदानाशी सहमत आहे. एक पुरवणी: गळती तपासताना कॉइलचे टोक आणि धातूची नळी यांच्यात मल्टिमीटरने काहीच दिसले नाही, तरी गळती नाही असे समजू नये, कारण तो अगदी कमी व्होल्टेजवर मोजतो, खात्रीसाठी ५०० व्होल्टचा मेगर (जास्त व्होल्टेजवर गळती तपासणारा मीटर) लागतो. रोध योग्य आला आणि तरीही कॉइल तापत नसेल, तर सिलेक्टर स्विच (वरची-खालची कॉइल निवडण्याचे बटण) व वायर जोडण्याचे टर्मिनल जळाले आहे का, ते तपासावे, आणि तेथील वायर बदलताना साधी पीव्हीसीची न वापरता उष्णतारोधक वापरावी. बराच काळ बंद असलेल्या ओव्हनमध्ये कॉइलमधील मॅग्नेशियम ऑक्साइडची भुकटी ओलावा शोषते व त्यामुळेही आरसीसीबी पडतो, पण आपला तळ तापतच नसल्याने ते कारण मला दुय्यम वाटते. काहीही झाले तरी आरसीसीबी टाळून किंवा अर्थची वायर सोडून ओव्हन चालवू नये; असा सल्ला देणारेही भेटतात.

प्रश्नकर्ता:
धन्यवाद. वळणापाशी बारीक चीर दिसली आणि मीटरही अनंत दाखवतो. नवी कॉइल बसवल्यावर थर्मोस्टॅट ठीक आहे की नाही, हे कसे ठरवावे?

प्रतिसाद १:
त्याच वॅटची आणि त्याच मॉडेलची कॉइल घ्या. पहिल्यांदा ओव्हन रिकामा तापवताना थोडा धूर किंवा वास येऊ शकतो, म्हणून खिडकी उघडी ठेवा. नंतर मधल्या जाळीवर ओव्हनचा थर्मामीटर ठेवून १८० अंश लावा. तापमान सुरुवातीला बरेच वर जाते, त्याकडे दुर्लक्ष करून कॉइल चालू-बंद होण्याच्या पुढच्या काही आवर्तनांतील सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी आकड्यांची सरासरी काढा. दहा-पंधरा अंशांचे चढउतार नेहमीचेच असतात. सरासरीच सातत्याने पंचवीस-तीस अंशांनी चुकत असेल, तर आधी थर्मोस्टॅटचा बल्ब (ओव्हनच्या आतले तापमान ओळखणारे टोक) त्याच्या क्लिपमधून निसटलेला नाही ना, ते पाहा. तो जागेवर असूनही आकडे चुकत असतील, तरच थर्मोस्टॅट बदला.