अनुभव हवेत: घरचा एव्ही रिसीव्हर वाजतो कसा आणि टिकला किती?

मंडळी, मदत पण हवीये आणि गप्पा पण, म्हणून हा धागा. गेल्या दिवाळीत आमच्या सिंहगड रोडच्या फ्लॅटमध्ये ७.२ चा रिसीव्हर (टीव्ही, प्लेअरचा आवाज खोलीभरच्या स्पीकरना वाटून देणारं मशीन; ७.२ म्हणजे सात स्पीकर आणि जड आवाजाचे दोन सबवूफर) आला, सध्या ५.१ च जोडलंय, उरलेले दोन चॅनल रिकामे कारण मागच्या भिंतीतून वायर ओढायला घरातून परवानगी नाही. पहिले चार-पाच महिने आवाज असा की शेजारचे काका 'आज काय लावताय' विचारत चहाचा कप घेऊनच यायचे. एप्रिलपासून मात्र नाटकं सुरू झालीत. पिक्चर ऐन रंगात आला की आतून 'टक्' होतं, आवाज गुल, आणि समोरचा लाल दिवा लुकलुकत बसतो. पंधरा-वीस मिनिटं तसाच सोडला की परत शहाण्यासारखा वाजतो. सर्व्हिस सेंटरला दोनदा नेऊन आणला (साडेनऊ किलोचं धूड, स्कूटरवर पायाशी), त्यांनी टेबलावर दोन तास वाजवला, तिथे हूं की चूं नाही. 'फॉल्ट नाही' लिहून परत.

ब्रँड मुद्दाम लिहीत नाहीये, तुम्हीही बिघाडाचं सांगताना नको, नाहीतर धागा भांडणात जातो. तुमचा आवाज कसा लागला, किती वर्षं टिकला, कशाने गेला, सगळं लिहा.

---

आमचा २००६ सालचा आहे आणि चालू आहे. सदाशिव पेठेतला जुना वाडा पडला, बिल्डिंग झाली, आम्ही दोन वर्षं भाड्याच्या घरात राहून आलो, तोही सगळीकडे आमच्याबरोबर फिरला. एचडीएमआय (चित्र-आवाज एकाच वायरने नेणारी जोडणी) हा प्रकारच नाही त्याला, टीव्हीतून ऑप्टिकल वायर (प्रकाशाने फक्त आवाज नेणारी) घातली की ५.१ डॉल्बी डिजिटल ऐकू येतं. हल्लीचं ते डोक्यावरूनही आवाज सोडणारं, छतातून पाऊस पाडणारं अ‍ॅटमॉस त्याला कळत नाही, मलाही फारसं कळलेलं नाही. मुख्यतः गाणं ऐकतो. सवाईची जुनी रेकॉर्डिंग लावली की तबल्याच्या डग्ग्याचा घुमारा खोलीत कसा पसरतो ते येऊन ऐका (दुपारी एक ते चार सोडून).

बिघाड एकच. व्हॉल्यूमचं चक्र उजवीकडे फिरवलं की आवाज वाढायच्या ऐवजी मधेच कमी व्हायचा, मग एकदम उसळायचा. सौ.ला वाटायचं मी मुद्दाम करतो. आत धूळ आणि गंज बसतो त्या चक्राच्या संपर्कावर. कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारून पन्नास वेळा इकडे-तिकडे फिरवलं, झालं काम. दर दोन-तीन वर्षांनी करतो.

---

काका, तुमच्याकडे एचडीएमआय नाही म्हणून तर १८-१९ वर्षं चाललाय :)

माझा अनुभव उलटा. बाणेरला राहतो, २०१६ ला घेतलेला, पाच वर्षं मस्त, मग एक दिवस पडद्यावर बर्फ पडल्यासारखे ठिपके, मग चित्रच नाही. अ‍ॅम्प्लिफायर ठणठणीत, रेडिओ लावला तर झकास वाजतोय, फक्त एचडीएमआय बोर्ड गेला. माझ्या ओळखीतल्या चार जणांचे रिसीव्हर मेले त्यातल्या तिघांचं हेच. बोर्डाचे २२ हजार सांगितले, वर पार्ट यायला दीड महिना.

कारण नंतर कळलं. सेट टॉप बॉक्सच्या मेटलला हात लावला की मुंग्या यायच्या, करंट लागल्यासारखं, आम्ही हसण्यावारी न्यायचो. दोन पिनांचा अडॅप्टर असला आणि अर्थिंग कुठेच नसलं की या उपकरणांच्या अंगावर थोडं व्होल्टेज तरंगत राहतं. तशा अवस्थेत तुम्ही चालू मशीनमध्ये एचडीएमआय खुपसली की ते सगळं त्या नाजूक चिपमधून वाट काढतं. मी तर बॉक्स आणि लॅपटॉप आलटून पालटून रोज काढ-घाल करायचो, तेही चालूमध्ये. आता नियम केलाय, सगळ्यांचे प्लग भिंतीतून काढायचे, मगच केबलला हात.

२२ हजार काही घातले नाहीत. सगळं थेट टीव्हीला लावलं आणि टीव्हीतून ऑप्टिकलने रिसीव्हरला, काकांसारखंच. अ‍ॅटमॉस गेलं, पण ५.१ आहे. पार्ट मिळण्याचं पण एक टेन्शनच आहे बरं का, या धंद्यातली मोठी नावं सारखी हात बदलतायत, ऑनक्योची मूळ जपानी कंपनी २०२२ ला दिवाळखोरीत गेली, डेनॉन आणि मरँट्झ तर २००२ पासून एकाच घरात आहेत आणि त्या घराचे मालकही मधल्या काळात बदलले. म्हणून मी आता घ्यायचा झाला तर आवाज ऐकायच्या आधी 'पुण्यात दुरुस्त कोण करतं' हे विचारणार.

---

धागाकर्ते, आधी स्पीकरच्या वायरी बघा. टक् करून बंद होणं म्हणजे प्रोटेक्शन, काही बिनसलं की मशीन स्वतःला वाचवायला आवाज तोडतं, आतला रिले (आपोआप चालणारा स्विच) सुटतो तो आवाज. माझ्याकडे तांब्याचा एकच तंतू, केसाएवढा, लाल जोडाच्या बुडातून निसटून काळ्या जोडाला टेकत होता. नुसत्या डोळ्यांनी दिसला नाही, मोबाईलचा टॉर्च तिरका धरला तेव्हा चमकला. तारेची टोकं पिळून घ्या नाहीतर बनाना प्लग (टोकाला बसवायची पिन) लावा.

---

माझा गेला पालीने. विषय संपला.

(विषय संपला नाही, सगळे विचारतायत म्हणून: गरम जागा बघून जाळीतून आत गेली, पॉवर सप्लायवर दोन पाय दोन टोकांना. वास तीन दिवस. रिसीव्हर वाचला, पाल नाही.)

---

आमच्याकडे बिघाड नव्हता पण आवाजाचा वैताग होता तो लिहिते. कोथरूडला आहोत. पहिल्या दिवसापासून सबवूफरमधून बारीक 'हूंऽऽ' यायचं, कोणीतरी शेजारच्या खोलीत तंबोरा छेडून ठेवल्यासारखं. दुकानदार म्हणाला सब खराब, बदलून दिला, नव्यातही हूंऽऽ. नवरा म्हणाला सवय होईल. मला नाही होत अशी सवय, म्हणून एका शनिवारी तो ऑफिसला गेल्यावर मी बसले आणि एकेक वायर काढत गेले. प्लेअर काढला, हूंऽऽ. टीव्हीची एचडीएमआय काढली, बंद! परत लावली, सुरू. मग टीव्हीच्या मागची केबलवाल्याची ती गोल स्क्रूची काळी वायर काढली, एचडीएमआय तशीच ठेवून, तर परत बंद. म्हणजे केबलवाल्याच्या वायरचं अर्थिंग गच्चीवरून वेगळं आणि आपल्या घरातलं वेगळं, दोघांच्या मधे आमचा सब अडकलेला. वीज ५० हर्ट्झची, तोच ५० चा सूर आम्हाला ऐकू येत होता.

केबलवाला म्हणतो 'मॅडम, बाकी कोणाची तक्रार नाही'. बाकी कोणाकडे सबवूफर नाही, असं सांगितलं त्याला. शेवटी केबल बंद करून सगळं इंटरनेटवर घेतलं. सासूबाईंच्या मालिका पण. त्यावर वेगळा धागा निघेल.

---

ताई, भारीच. दुकानदारापेक्षा जास्त डोकं लावलंत.

---

माझं थोडं लांबेल. आवाजाबद्दल कोणीच नीट लिहीत नाहीये, सगळे आपले मयताला आल्यासारखे. घेतल्या दिवशी माझा आवाज अगदी साधा वाटला होता, ६० हजार घालून मित्राच्या साउंडबारइतकाच. कारण मी मायक्रोफोनवालं सेटिंग केलंच नव्हतं, बॉक्समध्ये तो छोटा माइक येतो तो कसलातरी कराओकेचा समजून मुलाला खेळायला दिला. (यामाहावाले त्याला वायपाओ म्हणतात, डेनॉनकडे ऑडिसी, काम एकच.) तो माइक कानाच्या उंचीवर ठेवायचा, रिसीव्हर एकेका स्पीकरमधून फुर्र फुर्र आवाज सोडतो आणि खोलीचं गणित मांडतो. माझ्याकडे माइक आठ ठिकाणी ठेवायचा होता. पहिल्या वेळी तिसऱ्या जागेला कुकरची शिट्टी. दुसऱ्या वेळी पाचव्या जागेला खालून 'भंगाऽऽर, रद्दी पेप्पर'. त्याने ते पण मोजलं बहुतेक. शेवटी रात्री साडेअकराला पंखा, फ्रिज सगळं बंद करून, श्वास धरून केलं, तर सबचे आवाज ऐकून खालच्या मजल्यावरचे वर आले.

पण त्यानंतर जो फरक पडला तो पडला. एक सांगून ठेवतो, सबचं अंतर त्याने साडेपाच मीटर दाखवलं आणि माझा सब टेप लावून मोजला तर तीन मीटरवर. मी शहाणपणा करून तीन केलं आणि बास एकदम पोकळ. ते अंतर तसंच ठेवायचं असतं, सबच्या आतल्या सर्किटमध्ये सिग्नलला उशीर होतो तो त्यात धरलेला असतो. एक गोष्ट मात्र हाताने बदला, त्याने पुढचे स्पीकर 'लार्ज' ठरवले असतील तर 'स्मॉल' करा आणि क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचा आवाज सबकडे जातो ती सीमा) ८० हर्ट्झ. नावाला घाबरू नका, स्मॉल म्हणजे स्पीकर छोटा असं नाही, खालचा जड भाग सबकडे पाठवायचा इतकंच. अ‍ॅम्प्लिफायरवरचं ओझं उतरतं आणि संवाद मोकळे होतात. आणि संवाद ऐकू येत नाहीत म्हणून सारखा रिमोट हातात असेल तर फक्त सेंटर, म्हणजे टीव्हीजवळचा मधला स्पीकर, दोन-तीन डेसिबल वाढवा. आमच्या आई आता 'काय म्हणाला तो' विचारत नाहीत. पाच वर्षं झाली, बिघाड शून्य, कारण लाकडी स्टूलवर उघडा ठेवलाय, दिसायला वाईट दिसतो असं रोज ऐकतो.

---

वॉटबद्दल कोणीतरी बोला रे. खोक्यावर १५० वॉट लिहितात, बारीक अक्षरात बघा: ६ ओहम, १ किलोहर्ट्झ, १० टक्के डिस्टॉर्शन, एकच चॅनल चालू. १० टक्के डिस्टॉर्शन म्हणजे गणपतीतला फाटका भोंगा. ८ ओहम, २० ते २०,००० हर्ट्झ, दोन चॅनल चालू, हा आकडा शोधा. तो ८०-९० निघेल आणि १२ बाय १५ च्या हॉलला तो भरपूर आहे.

---

आमचा अमेरिकेतून आलेला. मेहुणा कायमचा परत आला तेव्हा सामानात आला, तिकडे स्वस्त म्हणून. तो १२० व्होल्टवर चालतो, म्हणून तपकीर गल्लीतून स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर आणला, हजार व्हीएचा, विटेएवढा जड, आणि तीन वर्षं बिनतक्रार. मग घराला रंग काढला. रंगाऱ्याने सगळं हलवलं, संध्याकाळी बिचाऱ्याने प्रामाणिकपणे सगळं परत लावून दिलं, फक्त मधली ती वीट त्याला अडगळ वाटली. पिन मल्टीप्लगमधून थेट भिंतीत. मी बटण दाबलं तेव्हा फट्ट असा आवाज आणि जळक्या बेकेलाइटचा वास. मेकॅनिकने उघडून दाखवलं, फ्यूजची काच आतून काळी आणि स्टँडबायचा छोटा ट्रान्सफॉर्मर वितळलेला, मोठा मात्र शाबूत, कारण मोठ्याचा रिले लागायच्या आत छोट्याने जीव दिला. दोन आठवड्यांत सुरू झाला, पण वॉरंटी वगैरे शब्द काढू नका. आता पिनेवर लाल मार्करने लिहिलंय, भिंतीत घालू नये.

---

धागाकर्ता. सगळ्यांचे आभार. टॉर्च तिरका धरून बघितलं, सेंटरच्या एका टोकाचा तंतू खरंच बाहेर आला होता, टेकला नव्हता पण टेकायच्या बेतात होता. सगळी टोकं नव्याने सोलून पिळली. खूश होऊन पिक्चर लावला, सव्वा तासाने टक्.

---

ठेवलाय कुठे तुम्ही तो? फोटो टाका.

---

टीव्ही युनिटमध्ये. पाडव्याला नवीन करून घेतलं. काचेचं दार आहे, धूळ नको म्हणून. सुताराने अगदी मापात केलंय, वर दोन बोटं जागा, मागून प्लाय.

---

घ्या! पाडव्याला युनिट आणि एप्रिलपासून नाटकं. अहो, तो बंद कपाटात उकडतोय, म्हणून तर सर्व्हिस सेंटरच्या टेबलावर काही होत नाही. रिसीव्हर नुसता चालू असला तरी तापतो, हीटसिंकची (आतली उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्ट्यांची) गरम हवा वरच्या जाळीतून जायला हवी, ती दाराशी अडते आणि तीच परत आत. बंद पडतोय तेच बरं, प्रोटेक्शन काम करतंय. न बंद पडता शिजत राहिला असता तर आतले कपॅसिटर गेले असते, त्यांचं तापमान १० अंशाने वाढलं की आयुष्य साधारण निम्मं होतं असा हिशोब असतो. मॅन्युअलमध्ये वर आणि बाजूला किती जागा सोडायची त्याची आकृती असते. ते पान कोणी उघडत नाही.

---

धागाकर्ता. काल रात्री दार सताड उघडं ठेवलं, मागे टेबल फॅन लावता येईना म्हणून समोरून लावला, अडीच तासांचा पिक्चर अखंड झाला. वर हात ठेवला तर कोमट, आधी चटका बसायचा. मागचा प्लाय कापून जाळी बसवायची म्हणून सुताराला फोन केला. तो म्हणाला एवढं छान फिनिशिंग केलंय, कशाला कापताय. मग म्हणाला बरं, गणपती झाले की येतो. कोणत्या वर्षीचे ते विचारायचं राहिलं.