मदत हवी आहे: पेडणे ते पर्वरी, अपघाताचा धोका आधी कळेल का?

नमस्कार मंडळी. मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, घर गोव्यात, पेडण्याला. प्रोजेक्टसाठी राष्ट्रीय महामार्ग ६६ चा पेडणे ते पर्वरी हा पट्टा घेतलाय. रोज याच वाटेने जाते, त्यामुळे विषय शोधावा लागला नाही.

सरकारी व्याख्येत ५०० मीटरच्या टप्प्यात ३ वर्षांत ५ गंभीर अपघात किंवा १० मृत्यू झाले की तो 'ब्लॅक स्पॉट'. म्हणजे आधी माणसं जायची, मग फलक लागायचा! नागपुरात २०२१ पासून आयरास्ते प्रकल्पात शहर बसना कॅमेरे लावून थोडक्यात टळलेले अपघातही टिपले गेले. मला तसंच काहीतरी हवंय, पण बस कुठून आणू?

अडचण अशी: रस्त्याचे ५०० मीटरचे तुकडे पाडले की बहुतेकांत आकडा शून्य. धोक्याचा अंदाज बांधणारं माझं संगणकीय मॉडेल सरसकट 'अपघात नाही' म्हणतं आणि अचूकता मात्र भरघोस दाखवतं. सर खूश, मी नाही. शिवाय कुठे किती वाहनं धावतात हे कळल्याशिवाय धोका कसा मोजणार? चवथीची (गणेशोत्सवाची) गर्दी वेगळी, डिसेंबरातल्या भाड्याच्या स्कूटरी वेगळ्या.

अशा शून्यांनी भरलेल्या डेटावर कुणी काम केलंय का? आणि पोलिसांच्या 'ई-डार' (अपघातांची ऑनलाइन नोंद ठेवणारी सरकारी प्रणाली) नोंदींमधली नावं, गाडीचे नंबर वगळून फक्त ठिकाण, वेळ, हवामान मिळवायचं तर अर्ज कुणाकडे करायचा? कॉलेजचं पत्र आहे. एका कार्यालयात दोनदा जाऊन आले, दोन्ही वेळा 'साहेब जेवायला गेलेत'.