हलक्या, साध्या जुन्या गाडीतली मजा खरी, की निव्वळ स्मरणरंजन?

हलकं_चाक

माझं मत आधीच सांगून टाकतो. १९७५ ते २००० या काळातली छोटी, मॅन्युअल गिअरची गाडी चालवण्यात जे सुख आहे, ते आजच्या दुप्पट ताकदीच्या गाडीत मिळत नाही. याचा आठवणींशी काही संबंध नाही. वजन आणि यंत्ररचना यांचा आहे.

१९७६ ची गोल्फ जीटीआय घ्या: साधारण ८१० किलो, १.६ लिटरचं इंजिन, ११० पीएस (अश्वशक्ती). १९८९ ची पहिली माझदा एमएक्स-५ हजार किलोच्या आत, तीही १.६ लिटर, टायर १८५/६० आर १४, म्हणजे रुंदी फक्त १८५ मिमी. टायर अरुंद असल्यामुळे पकडीची हद्द कमी वेगातच येते, आणि ती एकदम तुटत नाही, हळूहळू सुटते.

स्टीअरिंगचं बघा. वळणात पुढच्या टायरचं जमिनीलगतचं रबर तिरपं ताणलं जातं. हा बाजूचा जोर चाकाच्या मध्यापासून जरा मागे लागतो, म्हणून स्टीअरिंग सरळ व्हायला बघतं आणि हाताला जड लागतं. पकड संपत आली की तोच जोर पुढे मध्याकडे सरकतो. टायर अजून घसरलेला नसतो, पण स्टीअरिंग हलकं पडलेलं असतं. पॉवर स्टीअरिंग नसलेल्या गाडीत हे बोटांना थेट कळतं. इलेक्ट्रिक स्टीअरिंगमध्ये मोटरचं घर्षण आणि जडत्व मध्ये येतं, आणि खड्ड्यांचे हादरे गाळताना कंट्रोलर हा बारीक निरोपही गाळून टाकतो.

थ्रॉटलचंही, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमीजास्त करणाऱ्या झडपेचंही, तेच. केबल असली की पाय जितका, तितकंच उघडतं. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलच्या कित्येक गाड्यांत क्लच दाबल्यावर आरपीएम (इंजिनाचे फेरे) लगेच उतरत नाही, कारण धुराचे नियम पाळण्यासाठी थ्रॉटल सावकाश मिटवलं जातं. मग वरचा गिअर टाकताना लय बिघडते.

सीटबेल्ट

स्टीअरिंगचा खुलासा बरोबर आहे, निष्कर्ष पटला नाही. तुम्ही ज्याला 'थेट' म्हणता ते दोन्ही बाजूंनी थेट असतं. प्युजो २०५ जीटीआय वळणात असताना अचानक अॅक्सिलरेटर सोडला की वजन पुढे येतं, मागची चाकं हलकी होतात आणि गाडीची मागची बाजू बाहेर फेकली जाते. जाणकाराला ती मजा वाटेल, पण ओल्या रस्त्यावर समोरून कोणी आडवं आल्यावर दचकून पाय उचलणारा माणूसही हेच करतो.

स्थिरता नियंत्रण, म्हणजे ईएससी, अशा वेळी एकाच चाकाला ब्रेक लावून गाडी सरळ करतं. चालक कितीही तरबेज असो, त्याच्याकडे चारही चाकांना मिळून एकच पेडल आहे.

आणि पत्रा? अमेरिकेतल्या इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टीने २००९ मध्ये १९५९ ची शेव्हरोले बेल एअर आणि २००९ ची शेव्हरोले मालिबू ताशी ६४ किमीने समोरासमोर धडकवल्या. बेल एअरची केबिन कोसळली, मालिबूची शाबूत राहिली. 'जुना पत्रा जाड, म्हणून मजबूत' हा समज तिथेच संपायला हवा होता.

हलकं_चाक

१९५९ ची गाडी माझ्या काळात बसतच नाही, पण मुद्दा टाळत नाही. केबिन आणि ईएससी यांत जुनी गाडी हरते, आणि कुठलीही दुरुस्ती तो फरक भरून काढत नाही. म्हणून रोज हायवेवर, सगळं कुटुंब बसवून ती वापरा असं मी म्हणणार नाही. मी बोलतोय ते मोकळ्या वळणांच्या रस्त्यावर ताशी ६० किमीने जाताना काय मिळतं याबद्दल. आजच्या रुंद टायरच्या, दीड टनी गाडीला त्या वेगात काहीच करावं लागत नाही.

पानापक्कड

दोघांनाही थोडं थांबवतो. जुन्या गाडीचा 'फील' म्हणून ज्याचं कौतुक होतं, त्यातला बराचसा भाग झीज असते. ढिला टायरॉड एंड (स्टीअरिंगचा चाकाकडचा जोड) आणि फाटलेला बुश (सस्पेन्शनच्या जोडातलं रबर) यांमुळे गाडी सरळ न जाता इकडेतिकडे भरकटते, चालक सतत स्टीअरिंग सावरत राहतो आणि म्हणतो, 'गाडी किती जिवंत आहे!' आधी तपासा, मग बोला.

पुढची बाजू उचलून घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) ठेवा, नुसत्या जॅकवर नको. चाक घड्याळाच्या ९ आणि ३ वर धरून हलवा. खडखड आली तर टायरॉड एंड किंवा रॅकचा (स्टीअरिंगच्या दातेरी दांड्याचा) आतला जोड. १२ आणि ६ वर आली तर चाकाचं बेअरिंग किंवा बॉल जॉइंट (चाकाला सस्पेन्शनशी जोडणारा गोल सांधा). दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा: खडखड थांबली तर बेअरिंग, तरीही राहिली तर बॉल जॉइंट.

बुश बदलताना एक चूक फार होते. लोअर आर्मच्या (चाक धरणाऱ्या खालच्या दांड्याच्या) बुशची आतली नळी बोल्टने घट्ट धरलेली असते आणि आर्म वरखाली होताना रबर पीळ खातं. चाकं लोंबकळत असताना बोल्ट आवळला, तर गाडी खाली उतरताच ते रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि नवा बुश लवकर फाटतो. बोल्ट आधी हलकेच बसवा, गाडी चाकांवर उतरवा, पुढून-मागून दाबून हलवा आणि मगच कंपनीने सांगितलेल्या टॉर्कला, म्हणजे घट्टपणाला, आवळा. अलाइनमेंट (चाकांचे कोन लावणं) सगळ्यात शेवटी. ढिल्या जोडांवर केलेलं अलाइनमेंट फुकट जातं.

इतकं केल्यावरही स्टीअरिंग बोलत असेल, तर हलकं_चाक यांचं म्हणणं मला मान्य आहे. माझ्या मते बोलतंच.

चौथा_सिलिंडर

'साधी गाडी' म्हणजे कार्ब्युरेटर (हवा-पेट्रोल मिसळणारं जुनं यंत्र), असं इथे कुणी म्हणालं नाही हे बरं झालं. पॉइंट्सवाल्या इग्निशनमध्ये, म्हणजे जिथे उघडमीट करणारे संपर्क ठिणगी पाडतात तिथे, फायबरची टाच कॅमवर घासून झिजते, संपर्कांतला गॅप कमी होतो, टायमिंग (ठिणगीची वेळ) मागे पडतं आणि गाडी मंद होते. पुन्हा ०.४ मिमीच्या आसपास गॅप लावा, टायमिंग लावा, हे चालूच राहतं. कार्ब्युरेटरच्या गाडीत इथेनॉलमिश्रित पेट्रोल घातलं की जुन्या रबरी नळ्या आणि डायफ्रॅम फुगतात, तडकतात. नळ्या इथेनॉल सहन करणाऱ्या हव्यात, नाहीतर गरम इंजिनावर पेट्रोल ठिबकेल.

खरा सुवर्णकाळ मल्टिपॉइंट इंजेक्शन (प्रत्येक सिलिंडरला वेगळा पेट्रोलचा फवारा) आणि केबल थ्रॉटल एकत्र होते तो. मात्र या गाड्यांचा वैरी खराब अर्थिंग आहे, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्ह टोकाचा इंजिन आणि बॉडीशी असलेला जोड. स्टार्टर फिरत असताना मल्टिमीटर बॅटरीच्या निगेटिव्ह टोकापासून इंजिन ब्लॉकपर्यंत लावा. ०.२ व्होल्टच्या बरंच वर दिसलं तर अर्थची वायर किंवा तिचा गंजलेला जोड साफ करा. सेन्सर बदलत बसण्याआधी हे.

सीटबेल्ट

पानापक्कड यांच्या यादीत ब्रेक राहिले, आणि मला सगळ्यात जास्त भीती त्यांचीच वाटते. डॉट ४ ब्रेक ऑइल नवं असताना किमान २३० अंशांना उकळतं. पाणी शोषल्यावर ही मर्यादा १५५ पर्यंत उतरते. घाट उतरताना ते उकळलं की वाफ दाबली जाते आणि पेडल जमिनीला टेकतं. दर २ वर्षांनी बदला, गाडी उभी असली तरी.

रबरी ब्रेक होज बाहेरून चांगला दिसतो आणि आतून फुगून बंद होतो. जोरात दाबल्यावर ऑइल जातं, परत येत नाही, आणि ते चाक धरून राहतं. ओळखायचं असं: चाक अडकलेलं असताना त्याचं ब्लीड निपल (ऑइल आणि हवा बाहेर काढायचा छोटा स्क्रू) सैल करा. चाक लगेच मोकळं झालं तर आधी होजचा संशय घ्या. नाही झालं तर पिस्टन किंवा कॅलिपरच्या (ब्रेक पॅड दाबणाऱ्या भागाच्या) सरकत्या पिना.

एक प्रश्न मात्र राहतोच. आजची एमएक्स-५ सुद्धा हजार किलोच्या आसपास आहे, तिला मॅन्युअल गिअर आहे, ईएससी आहे, एअरबॅग आहेत. म्हणजे हलकेपणा जुन्या गाडीची मक्तेदारी नाही. मग जुनीच कशाला?

हलकं_चाक

ती गाडी उत्तम आहे. पण तिचं स्टीअरिंग इलेक्ट्रिक आहे आणि थ्रॉटलला केबल नाही. धाग्याच्या सुरुवातीला ज्या दोन गोष्टी लिहिल्या, नेमक्या त्याच तिच्यात नाहीत.

ब्रेकचं तुमचं सगळं मान्य. त्यात टायरची भर घालतो. टायरच्या बाजूवर डॉट कोडच्या शेवटी ४ आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. २३१४ म्हणजे २०१४ चा तेविसावा आठवडा. जुन्या गाड्या कमी फिरतात, त्यामुळे नक्षी भरपूर दिसते आणि रबर आतून कडक झालेलं असतं. असा टायर काहीच न सांगता घसरतो. १० वर्षांवरचा टायर नक्षी न बघता काढा.

पानापक्कड

स्पेअर टायरचाही कोड बघा. डिकीत तो बहुतेक गाडीबरोबर आलेलाच असतो.