कंपन्यांकडे देऊन झालंय की! सगळी भरती आयोगाकडेच का नको?

बार्शीकर:
'भरतीची दिरंगाई' धाग्यावर कोरडवाहू यांनी ठोकून दिलंय की एमपीएससी (राज्याचा लोकसेवा आयोग) म्हणजे पांढरा हत्ती, परीक्षा कंपन्यांना द्या आणि मोकळे व्हा. तिथे उत्तर लिहायला बसलो, ते लांबलं, म्हणून वेगळा धागा.

अहो, कंपन्यांना देऊन झालंय की! सरकारी भरतीच्या ऑनलाइन परीक्षांचं ते महापोर्टल विसरलात? इतकी बोंब झाली की २०२० मध्ये ते गुंडाळावं लागलं. २०२१ ला कंपनीनेच घेतलेल्या आरोग्य भरतीचा पेपर फुटला आणि अटक कोणाला, तर खात्यातल्याच वरिष्ठांना. २०२३ ची तलाठी भरती घ्या, तीही कंपनीकडेच. दहा लाखांवर अर्ज, खुल्या गटाला हजार रुपये फी, आणि नॉर्मलायझेशन (वेगवेगळ्या सत्रांचे मार्क एका पातळीवर आणणं) होऊन २०० पैकी २१४ मार्क! आयोग उशीर करतो, मान्य. पण आयोग स्वतः जागा काढत नाही. इतकी पदं भरा असं खात्याचं मागणीपत्र आलं तर जाहिरात. निकालानंतरही आयोग फक्त शिफारस करतो, नेमणूक सरकार देतं. २०२१ मध्ये राज्यसेवेतून निवड झालेली चारशेवर पोरं घरी बसून होती, ती आयोगाने बसवली होती का?

कोरडवाहू:
ती मराठा आरक्षणाच्या स्थगितीमुळे बसली होती, तेवढं सोयीस्करपणे गाळलंत. आणि त्याच २०२१ मध्ये आयोगात निम्म्या खुर्च्याही भरलेल्या नव्हत्या. मुलाखती कोण घेणार होतं, शिपाई? पेपरफुटीचं म्हणाल तर तेलंगणात पेपर तिथल्या आयोगातूनच फुटले, २०२३ मध्ये ग्रुप-१ ची पूर्व परीक्षा रद्द झाली. पाटी बदलली की चोर सुधारतात असं काही नसतं.

निवृत्त_कअ:
मी एका खात्यात (नाव घेत नाही) आस्थापनेवर होतो. बिंदुनामावली (कोणतं पद कोणत्या आरक्षणाचं याची नोंदवही) तपासायला मावकात, म्हणजे मागासवर्ग कक्षात गेली की परत येणार. एकदा जातवैधतेची नोंद नाही म्हणून, एकदा निवृत्त माणूस यादीत राहिला म्हणून, एकदा सही चुकीच्या रकान्यात म्हणून. उन्हाळ्यात निघालेली फाईल दिवाळीनंतर सुटली. तोवर बाहेर पोरं आयोगाच्या नावाने शिमगा करत होती.

दुसरं असं की गट-क (लिपिक, तलाठी वगैरे पदं) आयोगाबाहेर राहिला तो काही घटनेने नाही. घटनेच्या कलम ३२०(३) खाली राज्यपालांच्या विनियमांनी पदं वगळता येतात. जे वगळलं ते आतही घेता येतं. मंत्रालयातले लिपिक आयोग भरतच होता. केरळात तर शिपायापर्यंत सगळे आयोगातून येतात.

शास्त्री_रोड:
केरळ राहू द्या काका, आधी वर्णनात्मकचं बोला. आयोगाने राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक, म्हणजे सविस्तर उत्तरं लिहायची केली. आधी लेखी ८०० मार्कांची, आता १७५० ची. २०२३ ला पुण्यात अलका चौकात पोरं आंदोलनाला बसली तेव्हा कुठे दोन वर्षं पुढे ढकललं. फायदा कोणाचा? क्लासवाल्यांचा. मी टेस्ट सिरीज लावली. वीस पानं लिहिली, परत आली तेव्हा शेवटच्या पानावर लाल पेनने एकच शेरा: 'गुड, इम्प्रूव्ह स्ट्रक्चर'. आधीच्या पानांवर टिकमार्कसुद्धा नाही. यासाठी मेसचे पैसे तोडले!

नदीकाठची_मास्तरीण:
वस्तुनिष्ठ पेपरात पर्यायांचे गोळे रंगवून प्रांत व्हायचं होतं का? दर परीक्षेला पहिली उत्तरतालिका, मग दुसरी, पाच प्रश्न रद्द, मग कोर्ट. ज्याला टँकरच्या प्रश्नावर मराठीत एक धड पान लिहिता येत नाही त्याच्या हाती तालुका द्यायचा? माझ्या भाच्याने जुन्या पॅटर्नमध्ये पोस्ट काढली. हुशार आहे, पण साधी नोटीस कारकुनाकडून लिहून घेतो.

शास्त्री_रोड:
ताई, तुम्ही पगारावर बसून बोलताय. वस्तुनिष्ठमध्ये निदान कार्बन कॉपी घरी येते, आपले मार्क आपण मोजतो. वर्णनात्मकमध्ये तपासणाऱ्याचा मूड. मराठी माध्यमाच्या पेपरला किती मिळतात ते बघू!

नदीकाठची_मास्तरीण:
पगार फुकट मिळत नाही. बाकी सगळ्यांचं अक्षर सुंदर, फक्त तपासणारा वाईट, नेहमीचंच.

बार्शीकर:
लोकहो, धागा भरती कोणी करावी याचा आहे!

कोरडवाहू:
आहे ना. एवढ्या वह्या तपासायला माणसं नाहीत आणि तुम्ही त्याच आयोगावर तलाठ्याचे दहा लाख अर्ज लादताय. केरळच्या आयोगात सदस्य वीसच्या घरात आहेत म्हणे. आपल्याकडे अध्यक्ष धरून सहा, तेही भरले तर. तुमच्या प्रेमानेच आयोग मरेल.

निवृत्त_कअ:
मग सदस्य वाढवा. राज्यपालांच्या विनियमाने तेही होतं, घटनादुरुस्ती लागत नाही.

कोरडवाहू:
वाढवा की! बरं बाबा, कंपन्या नकोत, जिंकलात. २१४ मार्कांचं समर्थन मलाही जमणार नाही. पण सहाच्या सहा खुर्च्या वर्षभर भरलेल्या दाखवा, मग तलाठ्याचं बघू.

शास्त्री_रोड:
आणि तपासलेली वही आम्हाला दाखवा. ते कोणत्या कलमाने होतं, काका?