ट्रायल मी घेतलीच नाही, मग संपली कशी?

कळफलक
एका ऑनलाइन व्हिडिओ-एडिटिंग सेवेवर काल पहिल्यांदाच खातं उघडलं, तर उत्तर आलं, 'तुमची मोफत मुदत संपली आहे.' मोबाईलचं हॉटस्पॉट सोडून घरच्या ब्रॉडबँडवरून गेलो तर तेच खातं बिनबोभाट चाललं. म्हणजे माणूस नाही, आयपी पत्ता (इंटरनेटच्या जोडणीला मिळणारा क्रमांक) बघितला. आयपीव्ही४ या जुन्या पद्धतीचे पत्ते पुरत नाहीत म्हणून मोबाईल कंपन्या एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ढीगभर गिऱ्हाइकं बसवतात, त्याला सीजीनॅट म्हणतात. त्यातल्या कुणीतरी ट्रायल घेतली असणार. चोर सोडून संन्याशाला फाशी!

गल्लापेटी
मी दुकानांसाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर विकतो, आता आमचंही ऐका. ट्रायलची तारीख रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीत, लिहायचो. लोक घड्याळ मागे करायचे. ते अडवलं तर विंडोज नव्याने टाकायचे. ईमेलवरून ओळखावं तर जीमेल नावातलं टिंब मोजतच नाही, एका पेटीचे वाटेल तितके पत्ते होतात. आणि हे करणारे गरीब विद्यार्थी नसतात हो, चांगली चालती दुकानं असतात.

कळफलक
त्यांना अडवा की, कोण नको म्हणतंय? पण फाइली दाबून लहान करणारं विनरार बघा. ४० दिवस झाले की खिडकी उघडून पैसे मागतं, आणि तरीही चालत राहतं.

गल्लापेटी
विनरार तुमच्या संगणकावर, तुमच्या विजेवर चालतं. व्हिडिओवाल्याचा सर्व्हर वापरलात की मीटर त्याचा पळतो.

अर्धाकप
आयपी हा आळशी उपाय, एवढं कळफलक यांचं मान्य. त्यापेक्षा ब्राउझरचा ठसा घ्यावा: फॉन्ट, पडद्याचा आकार, टाइमझोन, प्लगइन. ईएफएफ या डिजिटल हक्कांसाठी झटणाऱ्या अमेरिकी संस्थेने २०१० साली तपासलेल्या ब्राउझरांपैकी ८३.६ टक्क्यांचा ठसा दुसऱ्या कुणाशीच जुळला नव्हता.

कळफलक
रोग परवडला पण औषध नको! कुकी (साइटने ब्राउझरमध्ये ठेवलेली खुणेची चिठ्ठी) निदान पुसता येते, ठसा कुठे पुसत बसू? आणि तोही चुकतोच. कॉलेजच्या लॅबमधले संगणक एकाच साच्यातून काढलेले, ठसे जवळपास सारखे. एका पोराने ट्रायल घेतली की बाकीचे बसले बोंबलत.

गल्लापेटी
मग कार्ड मागतो. एका कार्डावर एक ट्रायल, विषय संपला. ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने आपोआप पैसे कापण्याच्या २४ तास आधी कळवावंही लागतं, त्यामुळे मुदत विसरून फटका बसायची भीतीही कमी.

कळफलक
नुसतं वापरून बघायला कार्ड? माझं मागणं साधं आहे. नाकारताना कारण सांगा, आणि 'तो मी नव्हे' म्हणायला एक बटण द्या.

गल्लापेटी
बटण देऊ, पण आलेल्या तक्रारींतल्या खऱ्या किती आणि खोट्या किती हे मी एकटा कधी निवडत बसू? कारण मात्र सांगणार नाही साहेब. कारण लिहिलं की पुढच्या वेळी नेमकं तेवढंच टाळून येतात.