ओब्रायनच्याच वाट्याला एवढे भोग का?

गोदाकाठचा प्रेक्षक (प्रश्न)

नाशिकला २०२१ मध्ये भरलेल्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी डॉ. जयंत नारळीकर यांची निवड झाली, त्या निमित्ताने आमच्या ओळखीतील काही मंडळी विज्ञानकथांकडे वळली आणि वाचता वाचता गाडी मालिकांवर आली. सध्या आम्ही 'स्टार ट्रेक : डीप स्पेस नाईन' ही १९९३ ते १९९९ या काळातील मालिका क्रमाने पाहत आहोत. चौथ्या पर्वातील 'हार्ड टाइम' हा भाग संपल्यावर मात्र चर्चा आवरेना. अवकाशस्थानकाची यंत्रसामग्री सांभाळणाऱ्या माइल्स ओब्रायनवर आर्ग्राथी लोक हेरगिरीचा ठपका ठेवतात आणि वीस वर्षांचा तुरुंगवास काही तासांत, केवळ आठवणींच्या रूपाने, त्याच्या मेंदूत उतरवतात. शरीराला ओरखडाही नाही, तरी घरी परतलेला हा माणूस जमिनीवर झोपतो, ताटातले अन्न बाजूला काढून ठेवतो आणि रोजच्या वापरातील अवजारांची उजळणी त्याला कॅप्टनच्या मुलाच्या मदतीने करावी लागते. दुसऱ्या पर्वात तर स्थानकाचे पूर्वीचे मालक असलेल्या कार्डेशियन लोकांनी त्याला पकडून, निकाल आधीच ठरलेल्या खटल्यात उभे केले होते. हे सारे एका दुय्यम पात्राच्याच माथी का? लेखकांना त्याच्याविषयी खरोखर काही सांगायचे होते, की नायकाला धक्का न लावता प्रेक्षकांना हळहळायला लावण्याची ही सोय होती?

अंबडचा मेंटेनन्सवाला

सोय होती, हे लेखकांनीही लपवलेले नाही. ओब्रायनला त्रास झालाच पाहिजे, असे ते आपापसांत गमतीने म्हणत आणि दर पर्वात त्याच्यासाठी एखादा तरी असा भाग राखून ठेवत. पण निवड त्याचीच का झाली, हे पाहण्यासारखे आहे. स्थानकाचा कॅप्टन सिस्को हा जवळच्या बजोर ग्रहावरील लोकांच्या दृष्टीने देवदूत, ओडो रूप बदलणारा, डॅक्सच्या गाठीला कित्येक जन्मांच्या आठवणी, आणि डॉक्टर बशीरची बुद्धीही जन्मजात नव्हे, जनुकांत फेरफार करून वाढवलेली. ओब्रायनकडे यातले काहीच नाही; तो अधिकारीही नाही. बायको, मुलगी, वरचेवर निखळणारा खांदा आणि कार्डेशियनांनी ओरबाडून सोडून दिलेले स्थानक, एवढाच त्याचा संसार. ज्याने जुन्या मशीनला भलत्याच कंपनीचे सुटे भाग बसवून रात्रपाळी निभावली आहे, त्याला हा माणूस लगेच ओळखू येईल.

'हार्ड टाइम'मधील खरी यातना तुरुंगाची नाही, असे माझे मत आहे. कोठडीतील सोबती ईचार अन्न लपवतो, या संशयावरून भुकेने वेडापिसा झालेला ओब्रायन त्याला मारून टाकतो आणि नंतर त्याला कळते की, ईचारने ते दोघांसाठीच राखून ठेवले होते. ईचार मुळात अस्तित्वातच नव्हता, तरी खुनाचा अपराधभाव मात्र खरा आहे. पोटच्या मुलीवर आपला हात उठता उठता राहिला, हे जाणवल्यावर तो एकटाच मालाच्या कोठारात जाऊन फेझर हे किरणांचे शस्त्र स्वतःवर रोखतो आणि बशीर त्याला बोलण्यात गुंतवून परत आणतो. हा प्रसंग सिस्कोवर बेतला असता, तर आपण सारा वेळ त्याच्या पदाचाच विचार करत बसलो असतो.

निफाडची वाचक

या भागाची ताकद मला मान्य आहे. माझा आक्षेप त्यानंतरच्या भागांवर आहे. वीस वर्षांची कोठडी भोगलेला माणूस थोड्याच दिवसांत बशीरबरोबर डार्ट खेळू लागतो आणि त्या वर्षांची सावली पुढे कुठे जाणवत नाही. तिसऱ्या पर्वातील 'व्हिजनरी' आठवून पाहा. त्यात मूळ ओब्रायन किरणोत्साराने मरतो आणि काही तास पुढच्या काळातील दुसरा ओब्रायन त्याच्या जागी येऊन संसार करू लागतो. एवढी भयंकर गोष्ट पुढे कोणी काढतही नाही! लेखकांना हे जमत नव्हते, असे म्हणता येणार नाही. कार्डेशियनांविरुद्धच्या सेटलिकच्या युद्धात आपल्या हातून झालेली हत्या त्याने १९९१ च्या 'द वूंडेड' या भागात, म्हणजे आधीच्या मालिकेत सांगितली होती आणि कार्डेशियनांविषयीची त्याची अढी 'डीप स्पेस नाईन'मध्येही टिकून राहिली. ती जखम त्याच्या स्वभावात मुरली. पुढच्या जखमा भागापुरत्या झाल्या आणि पाटी दर वेळी कोरी करण्यात आली.

कॉलेज रोड

आपण सगळेच ओब्रायनच्या बायकोला, केइकोला विसरत आहात. ती वनस्पतिशास्त्रज्ञ आहे आणि नवऱ्याच्या नेमणुकीमुळे तिला अशा ठिकाणी येऊन राहावे लागते, जिथे तिच्या विषयातले काहीच काम नाही. तिने शाळा काढली, तर पहिल्याच पर्वाच्या शेवटी त्या शाळेत बॉम्बस्फोट झाला. पुढे विद्यार्थीच न उरल्याने शाळा बंद पडली. 'द असाइनमेंट'मध्ये दुष्ट शक्ती शिरते ती तिच्या अंगात, आणि सहानुभूती मात्र आपण नवऱ्याला देतो. सहाव्या पर्वात त्यांची आठ वर्षांची मुलगी मॉली काळाच्या दारातून पडून अठरा वर्षांची, माणसांना बिचकणारी होऊन परतते, तेव्हा तिचे हरवलेले बालपण आईबापांनी मिळून सोसायचे असते. लेखक ओब्रायनला छळतात, असे म्हणताना त्याचे अख्खे घर छळले जाते, हेही लिहायला हवे.

गोदाकाठचा प्रेक्षक

आपणा सर्वांचे आभार. निफाडच्या वाचकताईंचा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो, मात्र दोष लेखकांइतकाच त्या काळच्या प्रक्षेपणाच्या पद्धतीलाही द्यावा लागेल. एखादा आठवडा चुकलेल्या प्रेक्षकालाही पुढचा भाग समजला पाहिजे, अशी तेव्हा वाहिन्यांची अपेक्षा असे. आमच्या गटात काही नवे सदस्य येत आहेत. त्यांना ओब्रायनचा कोणता भाग आधी दाखवावा?

निफाडची वाचक

दुसऱ्या पर्वातील 'व्हिस्पर्स' दाखवावा. सहकारी आणि बायको यांच्या वागण्यात अचानक परकेपणा का आला, हे त्याला कळत नाही आणि आपणही अखेरपर्यंत त्याच्याच नजरेने सारे पाहत राहतो. मागचे काही ठाऊक नसले तरी अडत नाही. शेवट मात्र कोणी आधी फोडू नये.